कुलूप कापण्याआधी

माझी धाकटी भाची काम सावकाश करते. लहानपणी तिला बुटाची नाडी बांध म्हटलं की अख्खं घर दारात ताटकळत उभं राहायचं. मी तिला गोगलगाय म्हणायचो. ती रागवायची नाही. नाडी बांधून झाली की ओढून बघायची आणि सैल वाटली तर सोडून पुन्हा बांधायची. ही पोरगी आमच्या गिरणीच्या दुरुस्ती खात्यात टिकली असती, हे मी तेव्हाच ओळखलं. आमच्याकडं हात पटापट चालवणारे पुष्कळ आले आणि गेले. ओढून बघणारे थोडे.

तिची थोरली बहीण अगदी उलट. तिचं घरातलं नावच घाई. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. घाई घास तोंडात घेऊन जिना उतरायची. हाक पुरी व्हायच्या आत ‘ओ, आले!’ म्हणायची आणि समोर येईपर्यंत अर्धी हकीकत सांगून झालेली असायची. मला तिचं काम कधी पसंत पडलं नाही, पण ती घरात आली की घर हललं असं वाटायचं.

घाई विद्यापीठात जाऊ लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात गेली. परतीची बस सुटत होती, ही फाटकातून पळत आली आणि मागच्या चाकाखाली सापडली. तिकडूनच तिला गाडीतून घरी आणलं. तिची सायकल मात्र सकाळी लावली तशीच आमच्या चौकातल्या सायकल स्टँडवर राहिली. किल्ली तिच्या खिशात होती. ती कुठं गेली, कोणाला कळलं नाही.

स्टँडवाला आठवडाभरानं घरी विचारायला आला. तेव्हा तिचा बाप म्हणाला, “कुलूप तिचं आहे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

याचा अर्थ बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगतो. मी आणि माझा मेव्हणा, म्हणजे या पोरींचा बाप, दोघं कागदाच्या गिरणीत दुरुस्तीच्या टोळीत होतो. मी मुकादम, तो माझ्या हाताखाली. आज टोळी तो चालवतो आणि मी घरी बसतो. यंत्राच्या पोटात शिरायचं असलं की प्रत्येक जण मुख्य बटणावर स्वतःचं कुलूप लावतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणारा माणूस त्याच दिवशी कायमचा घरी जातो. ही शिस्त अंगात इतकी मुरते की मेव्हणा घरातल्या पेटीचं कुलूपसुद्धा बायकोला विचारल्याशिवाय उघडत नाही.

दुःखात बोललेला शब्द होता. पण आमच्या घरात त्या शब्दाचा नियम झाला. सायकल तीन पावसाळे तिथंच उभी राहिली. टायर बसले, साखळी गंजून एकसंध झाली. सीटवर मात्र कधी धूळ दिसली नाही. स्टँडवाला म्हणतो मी पुसत नाही, माझी बहीण म्हणते मी तिकडं फिरकत नाही. कोण पुसतं ते मी शोधायला गेलो नाही.

यंदा धाकटीला त्याच विद्यापीठात जागा मिळाली. तिथं वसतिगृहात मुलगी ठेवायची नाही, हे ठरलेलंच होतं. रोज जाऊन यायचं. घरापासून चौक, चौकातून एक बस, मोठ्या नाक्यावर उतरून दुसरी, मग फाटकापासून आत चालत. माझी बहीण आधी नाहीच म्हणाली. मग एक दिवस हो म्हणाली, पण एका अटीवर.

“घाई जायची तसंच जायचं.”

आम्ही समजलो की वेळेवर निघायचं, डबा न्यायचा, असं काहीतरी म्हणते आहे. तसं नव्हतं. तिनं माळ्यावरून घाईची बॅग काढली. पट्ट्याजवळ शाईचा डाग होता, तो धुतला नाही. घाईचा डबा घासून ठेवला. घाईची छत्री. कपाटातले घाईचे दोन सदरे काढून धाकटीच्या अंगाला लावून बघितले, आणि बाह्या आखूड होतात म्हणून धाकटीलाच रागावली. “हात कशाला एवढे वाढवलेस?” म्हणाली. आम्ही हसलो. ती हसली नाही.

धाकटीनं भूगोल घेतला होता. तिला नकाशे आवडतात, जमीन कशी बनते ते आवडतं. घाईचं रसायन होतं. माझी बहीण शेजारीपाजारी सांगायची, “रसायन घेतलंय पोरीनं.” धाकटी बाजूला उभी असायची. दुरुस्त करायची नाही.

मी एकदा म्हणालो, “अगं, भूगोल ना तुझा?”

“राहू दे रे मामा,” म्हणाली. “त्यांना काय फरक पडतो?”

तयारी तिनं तिच्या पद्धतीनं केली. वर्ग सुरू व्हायच्या आधी दोनदा जाऊन येते म्हणाली. मला हे आवडलं. जड वजन उचलण्याआधी आम्हीही क्रेन रिकामी चालवून बघायचो. कुठली बस कुठं थांबते, नाक्यावर रस्ता कुठून ओलांडायचा, पाऊस आला तर आडोसा कुठला, आपला विभाग कुठल्या इमारतीत, पाणी कुठं मिळतं, हे सगळं आधी पायाखालून घालायचं. पहिल्या दिवशी डोकं नव्या माणसांना लागतं, ते रस्ता शोधण्यात घालवू नये. पहिल्या फेरीला मी बरोबर गेलो. फाटकाशी आल्यावर ती थांबली, डांबराकडं पाहिलं. मीही पाहिलं. तिथं काही नव्हतं. बाजूला पेन विकणारा बसला होता. तिनं त्याच्याकडून एक पेन घेतलं, हातावर रेघ ओढून तपासलं आणि मग आत गेली.

दुसरी फेरी तिनं एकटीनं केली. परत आली ती घरी न जाता थेट माझ्याकडं. दारात चपला काढून उभीच राहिली.

“काय गं? रस्ता चुकलीस?”

“नाही.”

“मग बस की.”

ती बसली. बॅग मांडीवर घेतली. म्हणाली, “मामा, आईनं बॅगेत घाईचा जुना पास ठेवला होता. मला माहीत नव्हतं. कंडक्टरनं पास मागितला आणि माझ्या हाताला तोच लागला.”

“मग?”

“त्यानं फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, मुदत संपलीय, नवा काढ. फोटो तुझाच आहे ना?”

“तू काय म्हणालीस?”

तिनं बॅगेचा पट्टा ओढून बघितला. “हो म्हणाले.”

मी पाणी आणून दिलं. ती प्यायली नाही.

“खोटं बोलायचं नव्हतं मला. आपोआप आलं तोंडातून. आणि मग अख्ख्या रस्त्यात मला असं वाटत होतं की मी बसमध्ये नाहीच. कोणीतरी दुसरं बसलंय आणि मी घरी आहे.” मग म्हणाली, “मी नाव काढून घेते, मामा. मला जायचंय. खूप जायचंय. पण असं जायचं असेल तर मी नाही जात.”

या पोरीनं कुठलंही काम अर्धं टाकलेलं मी पाहिलेलं नव्हतं. ती नाव काढून घेईन म्हणाली म्हणजे काढून घेणार. मी तिला थोपवलं. म्हणालो, वर्ग सुरू होईपर्यंत थांब.

काय करायचं ते मलाही सुचलं नव्हतं. वाट करून दिली ती सायकलनंच. घरापासून चौक चालत लांब पडतो, म्हणून माझी बहीण म्हणाली की धाकटीनं घाईचीच सायकल न्यावी. “टायर बदला, तेलपाणी करा, चांगली आहे सायकल.” नवऱ्याला म्हणाली, “आणून द्या पोरीला.”

मेव्हणा माझ्याकडं आला. “मुकादम, ही म्हणते सायकल आणा. कुलूप आहे.”

“कापायचं.”

“कसं कापायचं? हाक मारल्याशिवाय?”

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो थट्टा करत नव्हता.

आमच्याकडं याचीही रीत आहे. कधी एखादा माणूस कुलूप काढायला विसरून घरी जातो. यंत्र अडून राहतं. मग मुकादमानं यंत्राच्या तोंडाशी उभं राहायचं आणि त्या माणसाला नावानं तीन हाका मारायच्या. दोन हाकांच्या मधे आत जखमी पडलेला माणूस श्वास गोळा करील इतकं थांबायचं. तोवर खात्यात कोणी खोकायचंसुद्धा नाही. ओ आली तर कुलपाला हात लावायचा नाही. ज्यानं ओ दिली त्यानं पुढं यायचं. ओ आली नाही तर दुसऱ्या माणसानं आत डोकावून मोठ्यानं म्हणायचं, “आत कोणी नाही.” मगच कापायचं. एकदा मी अशीच तिसरी हाक मारली आणि ओ आली ती आमच्या पाठीमागून. गडी चहाचा पेला घेऊन उभा होता, आणि आपल्यालाच शोधतायत हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. लोक पोट धरून हसले. पण कुलूप मी त्याच्याच हातानं काढायला लावलं.

“ती सायकल आहे,” मी मेव्हण्याला म्हणालो. “यंत्र नाही.”

“कुलूप तर कुलूपच आहे ना, मुकादम?”

हे मीच त्याला शिकवलेलं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं गेलो. मेव्हण्याकडं लांब दांड्याचा कटर. माझी बहीण सायकलसाठी नवं फडकं घेऊन आली होती. धाकटी सगळ्यांच्या मागं. स्टँडवाल्याला मी काय करणार ते सांगितलं. तो आधी हसला, मग आमचे चेहरे बघून त्यानं रेडिओ बंद केला.

सायकल भिंतीकडच्या रांगेत, शेवटची. मी तिच्यासमोर उभा राहिलो. गिरणीत मारायचो तशी हाक मारली, पोटातून.

“घाई!”

रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकली. मी थांबलो, जितकं थांबायचं तितकं.

“घाई!”

मेव्हण्यानं मान खाली घातली होती. बहीण फडक्याची घडी करत होती, मोडत होती.

“घाई!”

“ओ, आले!”

तो धाकटीचा आवाज नव्हता. धाकटी बोलते सावकाश, शब्द मोजून ठेवल्यासारखी. ही ओ झटक्यात आली होती, हाकेचा शेवट तोडून. कटर मेव्हण्याच्या हातातून फरशीवर पडला. मी वळून पाहिलं तर धाकटी तोंड अर्धं उघडं ठेवून उभी होती, जणू तिनंही ते आताच ऐकलं.

माझी बहीण हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

“दिली,” म्हणाली. “ओ दिली तिनं. ऐकलंत ना?”

“मुकादम,” मेव्हणा म्हणाला, “ओ आली. आता कापता येत नाही.”

“बाबा, मी दिली,” धाकटी म्हणाली.

“कळलं मला.”

“मग?”

“मग काय? ओ ती ओ.”

स्टँडवाला म्हणाला, “अहो, पोरीनं दिली ना? आम्ही बघितलं.” मेव्हणा खुळा झाला नव्हता. रीत काय सांगते तेवढंच तो बोलत होता, कारण रीत सोडली तर पुढं काय पकडायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मग रीतच शेवटपर्यंत न्यायची, असं मी ठरवलं.

“ओ देणाऱ्यानं पुढं यावं,” मी म्हणालो.

धाकटी पुढं आली.

“कुलूप तुझं आहे?”

“नाही.”

“मग ओ का दिलीस?”

तिनं आईकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघितलं. “आई रोज हाक मारते. मी रोज देते.”

“कोणाला हाक मारते?”

“घाईला.”

“मी?” माझी बहीण म्हणाली. “मी तुला हाक मारते. धाकटे म्हणते.”

“नाही आई.”

“अगं, काहीतरीच काय! दादा, हिला सांग.”

“सकाळी म्हणालीस, घाई, पाणी तापलंय. काल म्हणालीस, घाई, दार लाव. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा तू आजारी होतीस, म्हणून मी ओ दिली. मग देतच राहिले.” तिचा आवाज कापत होता, पण ती घाई करत नव्हती. “आता मला कळतच नाही कधी देते ते.”

बहिणीनं नवऱ्याकडं बघितलं. “अहो? मी असं म्हणते?”

त्यानं कटर उचलला, धूळ झटकली.

“अहो, मी विचारतेय.”

“म्हणतेस,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

मला वाटतं, त्यालाही ती ओ ऐकायला बरी वाटत असावी. घरात एक हाक आणि तिला एक ओ. बाप दुसऱ्या खोलीत बसून ऐकत असेल. दोष कोणाला द्यायचा?

बहीण स्टँडच्या कट्ट्यावर बसली. फडकं मांडीवर. बसूनच म्हणाली, “दादा, परत हाक मार.”

मी धाकटीला विचारलं, “गप्प राहता येईल?”

“बघते.”

“बघते नको. येईल की नाही?”

“येईल.”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहिली हाक. धाकटीचे ओठ हलले, तिनं ते मिटले. तोंडावर हात घेतला नाही, हात खाली सोडून उभी राहिली. दुसरी हाक. तिच्या मानेची शीर ताठली होती. मी कष्टाची कामं पुष्कळ बघितली, केली. त्या पोरीनं त्या दोन हाकांमधे जे ओढून धरलं होतं, त्याचं वजन मला सांगता येणार नाही. तिसरी हाक मी मुद्दाम जास्त मोठ्यानं मारली, आणि जास्त वेळ थांबलो.

रांगेत कुठंतरी सायकलची घंटी वाजली. एकदाच, अर्धवट.

स्टँडवाला म्हणाला, “मी जागचा हललो नाही हं.”

वारा नव्हता. मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. बहीण उठून उभी राहिली. निर्णय मुकादमाचा असतो.

“घंटी म्हणजे ओ नव्हे,” मी म्हणालो.

मग बहिणीला पुढं बोलावलं. सायकलला आत नसतं, तरी ती वाकून बघू लागली. पुढच्या टोपलीत बघितलं. टोपलीत वाळका पाला होता. सीटवर तळवा ठेवला, उचलला, तळव्याकडं बघितलं. तळवा स्वच्छ होता.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

“पुरतं म्हण.”

“दादा...”

“पुरतं म्हणावं लागतं.”

तिनं श्वास घेतला. “आत कोणी नाही.”

मेव्हण्यानं कटर लावला. गंजलेलं कुलूप एका दाबात तुटलं. इतकी वर्षं धरून राहिलेली वस्तू इतक्या हलक्यानं सुटावी याचा मला जरा रागच आला.

सायकल चालवण्याजोगी उरली नव्हती. चाकं फिरेनात, तेव्हा मेव्हण्यानं ती खांद्यावर घेतली. धाकटी म्हणाली, “मला ती नको, बाबा. मी लवकर निघून चालत जाईन.” कोणी वाद घातला नाही.

वर्ग सुरू झाले. ती स्वतःची जुनी शाळेची पिशवी घेऊन गेली. पट्टा शिवून घेतला होता, ओढून बघितला होता. पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी चौकापर्यंत तिच्याबरोबर चाललो. सोबत म्हणून कमी, चाल बघायला जास्त. ती एका चालीनं जाते. बस समोर दिसली तरी पळत नाही. एकदा समोरून सुटली, तर पुढच्या बसची वाट बघत उभी राहिली. म्हणाली, “जाऊ दे. दुसरी आहे.”

घर एकदम सुधारलं असं नाही. बहिणीच्या तोंडून अजून घाई निघतं. धाकटी ओ देत नाही. हातातलं काम करत राहते. मग घरात सगळं थांबतं. कोणी भांडं ठेवत नाही, कोणी बोलत नाही. गिरणीत थांबायचं तसं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून दुसरी हाक येते, हळू, चाचपडत: “धाकटे?” त्या दोन हाकांमधली शांतता मी त्यांच्याकडं बसलेलो असताना ऐकली आहे. मला तिथं बसवत नाही. पण उठून जाणंही बरं दिसत नाही.

परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा धाकटी नुकतीच आली होती. पाय धुऊन ओल्या पायांनी जेवायला बसली. बहीण वाढत होती. वाढता वाढता हात थांबला, आणि तिनं कोणाकडंही न बघता विचारलं,

“बसमध्ये बसायला जागा मिळते का गं तुला?”

धाकटीनं घास खाली ठेवला. इतक्या तयारीत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

“पहिल्या बसमध्ये मिळते कधी कधी. दुसरीत उभ्यानंच.”

“आणि येताना?”

“येताना पूर्ण उभ्यानं. आज पाठीमागं एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन चढली. माझ्या पायावर ठेवली.”

“पायावर? आणि तू काय केलंस?”

“पाय काढून घेतला. सावकाश.”

मेव्हणा हसला. बहीणही हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही, तसंच वाढत राहिली.

“उद्या डबा जड देत नाही,” म्हणाली. “उभ्यानं धरावा लागतो.”